घटस्फोट व्हायचा आहे, पण खर्च आजपासून आहे: सांगली जिल्ह्यात मोफत वकील, पोटगी आणि अनुदानासाठी अर्ज कसा करायचा

विट्याच्या न्यायालयाबाहेरच्या बाकावर गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर कापडदुकानाची पिशवी आणि पिशवीत सगळे कागद एकमेकांत गुंतलेले: लग्नपत्रिका, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, पोरीचा जन्मदाखला. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात, तमिळनाडूत. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत, त्यामुळं अशा केसेस आमच्याकडं नव्या नाहीत. ती तीन वर्षं माहेरी होती. पोटगीचा अर्ज का नाही केला, असं विचारल्यावर म्हणाली, "मामा म्हणले, आधी घटस्फोट होऊ दे, मग पोटगीचं बघू."

मामांनी मायेनंच सांगितलं असणार, पण त्यात तिची तीन वर्षं गेली. पोटगीसाठी घटस्फोट व्हावा लागत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं आहे की पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची. निकाल दोन वर्षांनी लागला तरी हिशोब अर्जाच्या तारखेपासून होतो. अर्जच नसेल तर त्या महिन्यांचे पैसे सहसा हाती येत नाहीत. आम्ही चार-पाच जणी आळीपाळीनं अशा बायकांबरोबर तारखांना जातो, आणि सगळ्यात जास्त नुकसान आम्हाला इथंच दिसतं. म्हणून ही माहिती.

वकील फुकट मिळतो, आणि उत्पन्नाची अट नाही

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. वडिलांची द्राक्षबाग आहे, भाऊ नोकरीला आहे, ती स्वतः शिवणकाम करून चार पैसे मिळवते, यातल्या कशानंही हा हक्क जात नाही. उत्पन्नाची मर्यादा इतरांना आहे, स्त्रियांना नाही. कोणी उत्पन्नाचा दाखला मागितलाच, तर "मी महिला म्हणून अर्ज करते आहे" एवढं शांतपणे सांगायचं.

अर्ज दोन ठिकाणी देता येतो. सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालय आहे, तिथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. आणि जत, तासगाव, विट्यासारख्या तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. जतच्या बाईनं त्यासाठी सांगलीचा हेलपाटा घालायची गरज नाही. साधा छापील अर्ज असतो: नाव, पत्ता, कशासाठी वकील हवा ते चार ओळींत. सोबत आधारकार्डाची झेरॉक्स आणि नोटीस किंवा समन्स आलं असेल तर त्याची प्रत. लिहिता येत नसेल तर तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून देतात. अर्जावर जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय द्यावा, असा नियम आहे. महिला वकील हवी असेल तर अर्जातच तसं लिहा. घरून निघायच्या आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

या मदतीत वकिलाची फी, अर्ज तयार करण्याचा खर्च, समन्स बजावणीचा खर्च, नकलांचा खर्च हे सगळं धरलेलं असतं. पॅनेलवरच्या वकिलानं पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. कोणी मागितला, किंवा वकील तारखेला येतच नाही असं झालं, तर त्याच कार्यालयात लेखी अर्ज देऊन वकील बदलून घेता येतो. शिवाय महाराष्ट्र सरकारनं १९९४ सालीच स्त्रियांना पोटगी, घटस्फोट, अत्याचार आणि मालमत्तेच्या दाव्यांत कोर्ट फी माफ केली आहे. खासगी वकील लावला असला तरी ही माफी लागू होते. त्यामुळं "कोर्ट फीचे एवढे भरा" असं कोणी म्हटलं, तर कशाची फी ते विचारा.

कुठं दाखल करायचं

नवरा कोईमतूरला, लग्न पंढरपूरला, आणि ती माहेरी भिवघाटाच्या बाजूला, मग केस कुठं चालणार? हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला पडतो. उत्तर बायकांच्या बाजूचं आहे. हिंदू विवाह कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पत्नी सध्या जिथं राहते तिथल्या न्यायालयात घटस्फोटाचा दावा दाखल करू शकते. पोटगीचा अर्ज आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्जही ती राहते तिथं करता येतो. माहेरचा पत्ता चालतो.

आता याची दुसरी बाजू. नवऱ्यानं तिकडं लांबच्या गावी दावा लावला आणि इकडं पोस्टमन नोटीस घेऊन आला, तर ती परत पाठवू नका. नाकारलेली नोटीस मिळाली असंच कायदा धरतो, आणि मग तिच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होतो. नोटीस घ्या, पाकीटही जपून ठेवा, कारण त्यावर तारीख असते, आणि दुसऱ्याच दिवशी विधी सेवा कार्यालय गाठा. परराज्यातली केस इकडं वर्ग करून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तिथंही मोफत वकील मिळतो, आणि कागदपत्रं इथल्या कार्यालयातून पाठवता येतात.

पोटगीचे मार्ग

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. जुने लोक अजून "एकशे पंचवीस" असंच म्हणतात, घोळ करून घेऊ नका, गोष्ट तीच आहे. या कलमाखाली पत्नी स्वतःसाठी आणि मुलांसाठी मागू शकते. घटस्फोट झालेली, पण पुन्हा लग्न न केलेली बाईही मागू शकते. हे कलम सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना आहे. मिरजेतल्या भगिनींनी हे नीट ऐकावं, कारण तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही याच कलमाखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केलं आहे.

घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल तर त्याच दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. दोन्हीकडं अंतरिम अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त दिवस लागतात. पण वकिलाला "अंतरिमचा अर्ज दिला का?" हे पहिल्याच भेटीत विचारा. मुख्य अर्ज दाखल झाला आणि अंतरिमचा राहून गेला, असं आम्ही बघितलं आहे.

मारहाण, घराबाहेर काढणं, दागिने काढून घेणं, पैसे न देणं, रोजचे टोमणे आणि धमक्या हे सगळं कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये येतं. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांच्याकडं तुमची हकिकत घेऊन घटनेचा अहवाल तयार होतो आणि तो दंडाधिकाऱ्यांकडं जातो. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवायची असते. याच एका अर्जात संरक्षण, राहायला जागा, खर्च आणि स्त्रीधन परत, असं सगळं मागता येतं. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रात्री-अपरात्री निघावं लागलं तर १८१ किंवा ११२ लावा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहायची सोय होते.

कागद

लग्नाचा दाखला नसेल तर अडत नाही. पत्रिका, लग्नातले फोटो, नवऱ्याचं नाव असलेलं रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले यांवर काम होतं. आपले कागद म्हणजे आधार, बँक पासबुक, मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद. हे बहुतेक बायकांकडं असतात.

खरी अडचण नवऱ्याच्या कमाईची. रजनेश निकालानंतर दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि तिथं नवरा हमखास लिहितो, "मजुरी करतो, दिवसाला काम मिळालं तर मिळालं." खोडून काढायला आपल्याकडं काहीतरी हवं. आमच्या भागात मी बायकांना विचारते: ऊस कोणत्या कारखान्याला जातो, बिल कोणाच्या खात्यावर जमा होतं? सासऱ्याच्या सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव आहे का? डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो, गट नंबर तेवढा माहीत पाहिजे. बेदाणा तासगावला की सांगलीला सौद्याला जातो, अडत्याची पट्टी कोणाच्या नावानं निघते? डेअरीचं दूध बिल, टेम्पोचा नंबर, दुकानाच्या पाटीचा फोटो, पाटीवरचा जीएसटी नंबर. त्या गलाईवाल्याच्या केसमध्ये पाटीचा फोटोच उपयोगी पडला. त्याच्या भावजयीनं दिवाळीच्या पूजेचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला होता. मागं दुकानाची पाटी आणि तिच्यावर मालक म्हणून त्याचं नाव. मुलीनं तो जपून ठेवला होता, पण त्याचा उपयोग काय हे तिला ठाऊक नव्हतं. त्या फोटोच्या जोरावर वकिलांनी बँक उताऱ्यांची मागणी केली.

स्त्रीधनाची यादी आजच करा. वहीच्या पानावर चालेल. काय, किती तोळ्याचं, कोणी घातलं, आता कोणाकडं आहे. सराफाची पावती असेल तर जोडा.

सोडचिठ्ठीवर सही करू नका

गावात पंच बसतात, स्टॅम्पपेपर येतो, "आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही, पोटगीचा हक्क सोडला" असं लिहिलेलं असतं, आणि चार माणसांसमोर मुलीला सही करायला लावतात. त्या कागदानं घटस्फोट होत नाही. समाजात रूढीनं घटस्फोटाची प्रथा असेल तर कायदा तिला मान देतो, पण ती प्रथा न्यायालयात सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नाही. तोवर ती बाई कायद्यानं विवाहितच असते. सही झाली असेल तरी घाबरू नका. कागद वकिलाला दाखवा, लपवू नका.

परस्पर संमतीचा घटस्फोट ही वेगळी आणि कायदेशीर वाट आहे: वर्षभर वेगळं राहिलेलं असलं पाहिजे, अर्ज दोघांचा, आणि त्यानंतर साधारण सहा महिन्यांची मुदत, जी न्यायालय योग्य वाटल्यास माफ करू शकतं. अंतिम जबाबाच्या आधी संमती मागं घेता येते. ठरलेली रक्कम डिमांड ड्राफ्टनं न्यायालयासमोरच घ्या, "नंतर देतो" वर जबाब देऊ नका.

केस चालू असताना महिन्याचं काय

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोट झालेल्याच नाही, तर घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या आणि परित्यक्ता बायकाही येतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. वय ६५ पेक्षा कमी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत. सोबत वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, न्यायालयात दावा दाखल असल्याचा कागद आणि नवऱ्यापासून वेगळी राहत असल्याचा दाखला. इथंही तो दाखल केलेला दावाच कामी येतो. लाडकी बहीण योजनेचे १,५०० मिळत असतील तर दोन्ही एकदम मिळत नाहीत.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. आई-वडिलांच्या घटस्फोटामुळं किंवा विभक्त होण्यामुळं एकाच पालकाकडं राहणाऱ्या मुलाला वयाच्या १८ वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची.

प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत काढा आणि तिच्यावर आवक शिक्का मारून पोच घ्या. शक्य असेल तर एकटीनं जाऊ नका, गटातली एखादी बाई, मावशी, शेजारीण सोबत न्या. आत साहेब काय बोलले ते घाबरलेल्या माणसाला बाहेर आल्यावर आठवत नाही, सोबतच्या बाईनं लिहून घेतलेलं असतं.

पोटगीचा हुकूम झाल्यावर एक वही घाला. महिना, किती यायला हवे होते, किती आले, एवढंच लिहायचं. कलम १४४ च्या पोटगीचे थकलेले पैसे वसूल करायचा अर्ज ते देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. विट्याच्या त्या मुलीची वही आता माझ्या ओळखीची झाली आहे, निळ्या कव्हरची. मधले दोन महिने कोरे आहेत. त्यांचा वसुलीचा अर्ज आम्ही पुढच्या सोमवारी देणार आहोत.