गेमच्या रिव्ह्यूत नवेपणाला मार्क भेटतात का? थोडी पार्श्वभूमी

नागपुरात धरमपेठ, सदरच्या गेमिंग कॅफेत हा वाद नेहमीचाच आहे, की दरवर्षी तोच तो फुटबॉलचा गेम थोडा चकाचक होऊन येतो त्याला आरामात 10 पैकी 8 भेटतात अन् कोणी जिवावर उदार होऊन काही वेगळं केलं तर 7, असं काहून? याचं कारण मार्क द्यायची पद्धत कशी बनत गेली त्यात आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

1985 मधे ब्रिटनमधे झॅप 64 नावाचं गेमचं मासिक सुरू झालं. त्यातले मार्कांचे रकाने बघा, प्रेझेंटेशन, ग्राफिक्स, साउंड, गेम किती पटकन पकडून ठेवतो, किती दिवस टिकतो अन् पैसे वसूल होतात का. विकत घेणाऱ्या पोरांच्या कामाचंच होतं ते सगळं, नवेपणाला (ओरिजिनॅलिटी) सुरुवातीच्या अंकांत वेगळा रकाना होता, पण नंतर तो गेलाच! पुढे आयजीएन, गेमस्पॉट या रिव्ह्यूच्या वेबसाइट आल्या तरी साचा साधारण तोच, ग्राफिक्स, साउंड, गेमप्ले वगैरे. त्यामुळे नवी कल्पना असली तरी ती गेमप्लेच्या मार्कात कुठेतरी विरघळून जायची.

डूमचंच घ्या. 1993 चा गेम, त्याच्यामुळे शूटर म्हणजे गोळीबाराच्या गेमची दिशाच बदलली, अन् एज या ब्रिटिश मासिकाने त्याला 10 पैकी 7 दिले. त्याच एजने 1996 मधे सुपर मारिओ 64 ला पहिल्यांदा पूर्ण 10 दिले, तो पण नवाच होता पण हातात घेतल्याबरोबर मजा यायची. माझं मत हेच आहे भाऊ, नवेपणाला मार्क भेटतात पण बाकी सगळं जमून आलं तरच.

अन् कधी तर नवं काय आहे हे कळायलाच वेळ लागतो. डीमन्स सोल्स नावाचा गेम 2009 मधे जपानात आला तेव्हा फामित्सू या जपानी मासिकाने 40 पैकी 29 दिले, आणि नंतर अमेरिकेत आला तर मेटाक्रिटिक या साइटवर 100 पैकी 89.

हे मेटाक्रिटिक 2001 पासूनचं. सगळ्यांचे स्कोर घेऊन सरासरी काढते, अन् खरी अडचण इथेच आहे, कारण वेगळा गेम कोणाला प्रचंड आवडतो अन् कोणाला अजिबात नाही. 2019 च्या डेथ स्ट्रँडिंग या गेमला फामित्सूने पूर्ण 40 दिले, आयजीएनने 10 पैकी 6.8, मेटाक्रिटिकची सरासरी आली 82. या 82 वरून काय समजायचं? (बर्डीवर सीडी घ्यायचो तेव्हा दुकानदार सांगेल तोच गेम भारी, स्कोर कोण पाहत होतं.)

पण कंपन्या पाहतात ना. फॉलआउट न्यू व्हेगास या गेमच्या टीमला मेटाक्रिटिकवर 85 आले तर बोनस होता, आले 84, हे त्यांच्याच एका डिझायनरने 2012 मधे सांगितलं. एका मार्कावर पगाराबाहेरचा पैसा अडकला असेल तर नवं करायची हिंमत कोण करणार? युरोगेमर या रिव्ह्यूच्या साइटने तर 2015 मधे आकडे बंदच केले होते, 2023 मधे पुन्हा 5 स्टार सुरू केले.