एका सीलमुळे हुकलेलं उड्डाण

१२ ऑगस्ट २०२१ रोजी पहाटे ५ वाजून ४३ मिनिटांनी इस्रोचं जीएसएलव्ही-एफ१० हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून झेपावलं. पहिला टप्पा नीट चालला, दुसराही. तिसऱ्या, म्हणजे क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या) टप्प्याचं इंजिन मात्र पेटलं नाही. ३०७व्या सेकंदाला यानावरच्या संगणकाने मोहीम थांबवली आणि ईओएस-०३ हा पृथ्वीचं निरीक्षण करणारा सव्वादोन टनांचा उपग्रह आपण गमावला.

‘इंजिन पेटलं नाही’ एवढं कळल्यावर संशय इंजिनावरच जातो. पण रॉकेट समुद्रात गेल्यावर हाती उरते ती टेलिमेट्री, म्हणजे उड्डाणभर जमिनीवर येत राहिलेली दाब, तापमान, वेग यांची नोंद. ती तपासताना चौकशी समितीला दिसलं, की द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीतला दाब रॉकेट वर चढत असतानाच बिघडलेला होता. इंजिन सुरू व्हायची वेळ त्यानंतरची.

हायड्रोजन द्रवरूपात राहतो उणे २५३ अंश सेल्सिअसला. टाकी कितीही जपली तरी थोडी उष्णता आत शिरतेच, हायड्रोजन उकळतो, वायू साठतो. दाब फार वाढू नये म्हणून टाकीला एक झडप असते. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी ती जादा वायू सोडते आणि पुन्हा बसते. या उड्डाणात ती गळत राहिली. टाकीतच एक छोटा बूस्टर पंप असतो, तो मुख्य पंपाकडे इंधन ढकलतो. दाब कमी पडल्यामुळे या पंपाचं काम बिघडलं आणि इंजिनाच्या ज्वलनकक्षात पुरेसा हायड्रोजन पोचलाच नाही.

झडप का गळली? बहुधा तिच्यातलं फट बुजवणारं मऊ सील खराब झालं होतं. कशामुळे, याबद्दल समितीने दोन शक्यता मांडल्या: झडपेची उघडझाप होताना झालेली इजा, किंवा आत गेलेला बारीक कचरा आणि अतिथंडीत झडपेच्या जोडणीवर आलेला ताण. इतक्या थंडीत धातू आकसतो, मऊ पदार्थ कडक होतो. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचा आणि त्यातल्या सात जणांचा घात झाला, तोही त्याच्या बाजूच्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातलं रबरी सील थंडीने ताठरल्यामुळे, आणि तिथली थंडी तर फ्लोरिडातल्या एका सकाळची होती.

अहवालातलं ‘शक्यता’ कुणाला पळवाट वाटेल, मला तो प्रामाणिकपणा वाटतो. गळलेली झडप हातात नसताना एकाच कारणावर बोट ठेवलं, तर दुसरं तसंच राहून पुढच्या उड्डाणात डोकं वर काढू शकतं. २०१०च्या एप्रिलमध्ये जीएसएलव्ही-डी३ पडलं तेव्हाही असंच झालं होतं. तिथे हाच बूस्टर पंप सुरू होऊन सेकंदाच्या आतच मंदावू लागला आणि लगेचच थांबला. कारणं तेव्हाही दोन संभवत होती.

एफ१०नंतर झडप आणि तिच्याशी जोडलेल्या नळ्या अधिक भक्कम करायचं ठरलं. इंजिन सुरू होण्याआधी टाकीत बाहेरून दाब भरण्याची सोयही सुचवली गेली. म्हणजे गळती कशानेही झाली तरी पंपाला दाब कमी पडू नये. शिवाय क्रायोजेनिक टप्प्याची मोजमापं आपोआप तपासूनच उड्डाणाला हिरवा कंदील द्यायचा. त्यानंतर २९ मे २०२३ रोजी जीएसएलव्ही-एफ१२ने एनव्हीएस-०१ हा दिशादर्शक उपग्रह कक्षेत सोडला.