दाखला नाही म्हणून शाळा नाही?

दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत, बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो: निर्वासित कुटुंबातल्या दिव्यांग मुलाला जन्मदाखला आणि नागरिकत्वाच्या कागदाशिवाय साध्या शाळेत घेत नाहीत.

कागदावाचून कामं अडतात हा सगळ्यांचाच अनुभव, म्हणून हे पटतं. पण कायदा उघडून बघा. सरकारी संकेतस्थळावर तो मोफत वाचता येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २ मध्ये बालक म्हणजे सहा ते चौदा वयाचा मुलगा किंवा मुलगी, एवढंच आहे. नागरिकत्वाची अट नाही. घटनेचं कलम २१-क सुद्धा सर्व बालकांबद्दल बोलतं. आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असं शिक्षणहक्क कायद्याचंच कलम १४ स्पष्ट सांगतं.

राहिलं दिव्यांगत्व. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारतीत वावरण्याची सोय करायची आणि अंध, कर्णबधिर मुलांना त्यांना कळेल अशा पद्धतीने शिकवायचं. विशेष शाळा हा पर्याय आहे, सक्ती नव्हे.

वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांनी ही चार कलमं छापून जवळ ठेवावीत. शाळेने नकार दिलाच, तर तो कारणासह लेखी मागावा.