९८ × ९७ मधला शेवटचा सहा

व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरतोय. ९८ गुणिले ९७ किती? दोन्ही संख्या शंभराला २ आणि ३ ने कमी. ९८ मधून ३ काढा, ९५. बे त्रिक सहा, म्हणजे ०६. शेजारी लिहा: ९५०६. उत्तर अगदी बरोबर. खालची ‘वेदांतलं गुप्त सूत्र’ ही ओळ मात्र चूक. ही सूत्रं १९६५ साली छापलेल्या एका पुस्तकातली आहेत, अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत ती सापडत नाहीत. आणि गुप्त कसलं? शाळेच्या पुस्तकात आहे की: अ(ब + क) = अब + अक. वितरण गुणधर्म.

क्रमनिरपेक्षता सांगते की ३ + ५ काय नि ५ + ३ काय, सारखंच. साहचर्य सांगतं की नुसती बेरीज असेल तर कंस कुठेही घाला. गुणाकाराचंही तसंच. पण हे गुणधर्म एका वेळी एकाच क्रियेबद्दल बोलतात. बेरीज आणि गुणाकार यांची गाठ घालतो तो एकटा वितरण गुणधर्म. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त १३५ × १२ असाच सोडवलाय: १२ चे ८ आणि ४ असे तुकडे, मग १०८० + ५४० = १६२०.

आता आपलं गणित. (१०० − २)(१०० − ३) = १०००० − ३०० − २०० + ६. शेवटचा ६ आला (−२) × (−३) मधून. पण तो अधिक का? ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ ही लक्षात ठेवायची युक्ती झाली, कारण नव्हे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ऋण गुणिले ऋण धन असा नियम दिला होता. त्यामागचं कारण असं:

३ + (−३) = ० हे मान्य? मग दोन्ही बाजूंना −२ ने गुणा. उजवीकडे शून्यच राहील. डावीकडे वितरण करा:

(−२) × ३ + (−२) × (−३) = ०

पहिलं पद −६. त्यात काय मिळवलं म्हणजे शून्य होईल? फक्त +६. इथे −६ लिहिलं तर −१२ = ० मानावं लागेल, नाहीतर वितरण सोडून द्यावं लागेल. तिसरी वाट नाही.

३(क्ष − २) − २(क्ष − ५) ला सरळ रूप देताना ३क्ष − ६ − २क्ष + १० मधल्या त्या +१० वर निम्मा वर्ग घसरतो. उत्तर क्ष + ४.

हे सगळं √२ सारख्या अपरिमेय संख्यांनाही लागू पडतं, पण ते सिद्ध करणं सोपं नव्हतं. जर्मन गणिती डेडेकिंडने १८७२ मध्ये परिमेय संख्यांचे दोन गट पाडणाऱ्या ‘छेदां’वरून वास्तव संख्या उभ्या केल्या. √२ × √३ = √६ हे तोवर कुणी काटेकोरपणे सिद्धच केलेलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

गंमत म्हणजे संगणक हे नियम पूर्ण पाळत नाही. तो दशांश अपूर्णांक ठरावीक बिटांत कोंबतो. त्यामुळे नेहमीच्या ६४ बिटी पद्धतीत (०.१ + ०.२) + ०.३ चं उत्तर ०.६००००००००००००००१ येतं, आणि ०.१ + (०.२ + ०.३) चं ०.६. साहचर्य गेलं! म्हणून लांबलचक बेरजांचा प्रोग्रॅम लिहिताना क्रमही ठरवावा लागतो. सगळ्या संख्या धन असतील तर लहान आधी मिळवल्यास चूक सहसा कमी राहते.