जीपी नोंदणी, इंग्लंड

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या व्यक्तीने आपल्या भागातल्या जनरल प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे जीपीच्या दवाखान्यात रुग्ण म्हणून नाव दाखल करणे याला जीपी नोंदणी म्हणतात. महाराष्ट्रात फॅमिली डॉक्टरकडे पहिल्यांदा जायला ताप पुरतो. बाकावर बसायचे, नंबर आला की आत जायचे आणि निघताना पैसे द्यायचे. इंग्लंडमध्ये आधी यादीत नाव, मग आजार. नोंदणीला आणि तपासणीला पैसे पडत नाहीत, पण हृदयरोगतज्ज्ञ असो की त्वचारोगतज्ज्ञ, तातडीचे प्रसंग सोडले तर तिथवरची वाट बहुतेक वेळा जीपीच्या चिठ्ठीतूनच जाते. म्हणूनच नव्याने आलेल्याने बँक खात्याच्या आधी हे काम उरकावे.

यादीची कल्पना राष्ट्रीय आरोग्य सेवेपेक्षा, म्हणजे एनएचएसपेक्षा जुनी आहे. ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कमी उत्पन्नाच्या कामगारांना ‘पॅनेल’वरचा, म्हणजे योजनेच्या यादीतला डॉक्टर निवडता येऊ लागला, मात्र त्यांच्या बायकामुलांना ही सोय नव्हती. ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली आणि यादी सगळ्यांना खुली झाली. जीपी मात्र सरकारी नोकर झाले नाहीत. दवाखाना बहुधा त्यांच्या भागीदारीचा असतो आणि एनएचएसशी त्यांचा करार असतो. उत्पन्नाचा मोठा भाग यादीतल्या डोक्यांवर ठरतो, त्यात वय आणि आजारपणाचा अंदाज धरला जातो. रुग्ण वर्षात एकदा आला की वीसदा, या रकमेत फरक पडत नाही. हा हिशेब ध्यानात घेतला की दवाखान्याची हद्द, यादी अद्ययावत ठेवण्याचा आग्रह आणि अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठला फोनवर उडणारी झुंबड यांचा उलगडा होतो.

प्रत्येक दवाखान्याची हद्द ठरलेली असते आणि घर त्या हद्दीत असावे लागते. २०१५ पासून हद्दीबाहेरचा रुग्ण घेण्याची मुभा दवाखान्यांना आहे, पण अशा रुग्णाच्या घरी जाऊन तपासण्याचे बंधन त्यांच्यावर नसते. अर्ज ऑनलाइन करता येतो किंवा कागदावर. जीएमएस१ हा वर्षानुवर्षे चाललेला जुना कागदी फॉर्म होता. त्यात नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीचा पत्ता, आधीचा डॉक्टर आणि परदेशातून आलेल्यांसाठी देशात राहायला आल्याची तारीख असे रकाने असत. मराठी माणसाचे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते. पासपोर्टवर ते आहे आणि फॉर्मवर गाळले, असे झाले तर जुनी नोंद जुळवताना घोळ होऊ शकतो. पासपोर्टवर असेल तसेच लिहावे.

सर्वाधिक गैरसमज कागदपत्रांचा. नोंदणीसाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाची स्थिती दाखवणे कायद्याने सक्तीचे नाही. दवाखाना कागद मागू शकतो, पण ते नाहीत एवढ्यावरून परत पाठवू शकत नाही. बेघर माणसालाही नोंदणीचा हक्क आहे. नकार द्यायचाच असेल तर कारण रास्त हवे आणि ते १४ दिवसांत लेखी कळवावे लागते. प्रत्यक्षात काउंटरवर वीजबिल मागितले जाते आणि भाड्याच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर बिल नसते. अशा वेळी नियम ठाऊक असलेला माणूस वाद न घालता तो शांतपणे सांगतो, आणि बहुतेकदा काम होते.

नाव लागले की दहा अंकी एनएचएस क्रमांक मिळतो. आधीच्या डॉक्टरकडच्या नोंदी असतील तर त्या नव्या दवाखान्याकडे जातात. भारतातून आलेल्याच्या बाबतीत पाटी कोरी असते. मग उंची, वजन, धूम्रपान, दारू, ॲलर्जी, चालू औषधे अशी प्रश्नावली येते. औषधांची नावे भारतातल्या ब्रँडने सांगून उपयोग नाही, मूळ घटकाचे नाव आणि मात्रा लागते. जुनी प्रिस्क्रिप्शने आणि मुलांचे लसीकरण कार्ड सोबत असणे म्हणूनच शहाणपणाचे. क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांतून आलेल्या तरुणांना काही भागांत सुप्त, म्हणजे शरीरात असून लक्षणे न दिसणाऱ्या क्षयरोगाच्या रक्तचाचणीचे बोलावणे येते. व्हिसासाठी केलेला छातीचा एक्स-रे वेगळा आणि ही चाचणी वेगळी.

पैशाबाबत एक फरक जाणून घ्यावा. काम किंवा शिक्षणाच्या लांब मुदतीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेकांनी अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरलेला असतो, फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांसाठी ७७६. त्यांना रुग्णालयातले उपचारही बहुतांशी त्यात मिळतात. नातवंडांना भेटायला सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आजीआजोबांचे तसे नाही. जीपी त्यांना विनाशुल्क तपासेल, २४ तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी तात्पुरती नोंदणीही होते. अपघात विभागातली तपासणीसुद्धा फुकट. पण तिथून वॉर्डात भरती व्हावे लागले तर एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येऊ शकते. जीपीने फुकट तपासले म्हणून प्रवासविमा टाळणारी घरे इथेच अडकतात.

घर बदलले की नव्या भागात पुन्हा अर्ज करावा लागतो. नवी नोंदणी झाली की जुन्या यादीतले नाव आपोआप निघते, कारण कायमची नोंद एका वेळी एकाच ठिकाणी राहते. तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर जाणाऱ्याने दवाखान्याला कळवावे, त्याचे नाव यादीतून काढले जाते. न कळवता भारतात परतलेल्यांची नावे मात्र यादीत तशीच राहतात. अशा नावांना तिथे ‘घोस्ट पेशंट’ म्हणतात आणि ती शोधून काढायला वेळोवेळी मोहिमा निघतात. पुन्हा इंग्लंडला आल्यावर फॉर्म नव्याने भरावा लागतो, एनएचएस क्रमांक मात्र जुनाच चालतो.