गाठीतले गप्प पहारेकरी

हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये मानेतली गाठ काढून तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर कॅन्सरची पेशी शोधावी लागते. दोन केंद्रकांची, घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसणारी रीड-स्टर्नबर्ग पेशी शंभरात बहुधा एखाद-दुसरीच असते. बाकी सगळी गर्दी आपल्याच प्रतिकारपेशींची. चोर एक, भोवती पहारेकरी शंभर, तरी त्याला कुणी हात लावत नाही.

त्याचं कारण नवव्या गुणसूत्रात आहे. तिथल्या एका तुकड्याच्या जादा प्रती झाल्याने या पेशीच्या अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन भरमसाट येतं. ते टी पेशी या प्रतिकारपेशीवरची पीडी-१ ही कळ दाबतं आणि टी पेशी थंड पडते. ही कळ क्योटोच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये शोधली. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध ती झाकून ठेवतं.

पहिल्या केमोने बहुतेक रुग्ण बरे होतात. ज्यांचं दुखणं उलटतं, त्यांना दुसरी केमो देऊन गाठी विरवायच्या आणि मग त्यांच्याच, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचं प्रत्यारोपण करायचं, ही रीत. गाठी पुरत्या विरल्या नाहीत, तर प्रत्यारोपणाचा गुण कमी येतो.

म्हणून दुसऱ्या केमोला पेम्ब्रोलिझुमॅबची जोड देऊन पाहिली गेली. पण केमो तर टी पेशींसारख्या पांढऱ्या पेशींनाही मारते, मग ही जोडी जमणार कशी? केमोने फुटलेल्या कॅन्सरपेशींतून बाहेर पडणारी प्रथिनं टी पेशींना उलट सावध करतात, असं मानलं जातं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात पेम्ब्रोलिझुमॅबसोबत जेमसिटाबिन, व्हिनोरेल्बिन आणि लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन ही केमोची औषधं दिली गेली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत ३८ पैकी ३६ जणांच्या स्कॅनमध्ये आजाराचा मागमूस उरला नव्हता. अभ्यास लहान, तुलनेला दुसरा गट नव्हता, हे खरं; तरी उलटलेल्या आजारात असे आकडे मला फार मोलाचे वाटतात. जागे झालेले पहारेकरी कधी थायरॉइडवर, फुप्फुसांवर, आतड्यांवरही धावून जातात, म्हणून खोकला किंवा जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायला हवं.

आपल्याकडे खरी अडचण पैशांची. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२२ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरात वाट दाखवली. त्यांनी पीडी-१ रोखणारं निव्होलुमॅब तोंडाने घ्यायच्या औषधांसोबत अवघं २० मिलिग्रॅम दिलं, जिथे नेहमीची मात्रा २४० असते. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. उलटलेल्या हॉजकिनमध्येही कमी मात्रेची अशीच कसून, मोठ्या गटावर परीक्षा व्हायला हवी.