बालसंगोपन अनुदान : ठाणे जिल्हा व नवी मुंबई

आई-वडिलांचे छत्र हरपलेल्या, किंवा आई-वडील असूनही ज्यांना सांभाळणे त्यांना शक्य नाही अशा मुलांना संस्थेत न ठेवता घरात वाढवता यावे म्हणून शासनाकडून दरमहा मिळणारी रक्कम. बोलण्यात ‘बालसंगोपनचे पैसे’ एवढेच म्हटले जाते. ही रक्कम सांभाळणाऱ्याचे वेतन किंवा मानधन नाही. ती मुलाच्या नावे, मुलाच्या खर्चासाठी दिली जाते, म्हणून ‘फॉस्टर पालकांचा पगार’ हा वृत्तपत्री प्रयोग महाराष्ट्रापुरता तरी सदोष मानावा लागतो. ठाणे जिल्ह्यात सध्या दोन मुख्य दर आहेत : राज्य योजनेचे दरमहा २,२५० रुपये व केंद्रपुरस्कृत योजनेचे ४,००० रुपये. मूल यांपैकी कोणत्या दरात बसते हे त्याच्या वयावर किंवा राहत्या भागातील महागाईवर ठरत नाही, त्याचे प्रकरण कोणत्या योजनेत नोंदले गेले यावर ठरते.

संज्ञा : या विषयात ‘संगोपन’, ‘प्रतिपालन’ (इंग्रजीत ‘फॉस्टर केअर’) व ‘प्रायोजकत्व’ असे तीन शब्द वापरात असून त्यांच्या सीमा धूसर आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रतिपालन म्हणजे बालकल्याण समितीने मुलाला त्याच्या जैविक कुटुंबाव्यतिरिक्त निवडलेल्या, पात्र ठरवलेल्या व देखरेखीखालील कुटुंबात ठेवणे. याच अधिनियमाचे कलम ४५ प्रायोजकत्वाचे, म्हणजे कुटुंबाला मुलासाठी द्यायच्या पूरक मदतीचे आहे. आई विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाने टाकलेली असणे, अनाथ मूल नातेवाइकांकडे राहत असणे, पालकांना जीवघेणा आजार असणे, अपघाताने ते असमर्थ झालेले असणे, हे त्याचे निकष आहेत. कायदा शब्दशः लावला तर आजोळी वाढणारे अनाथ मूल ‘प्रतिपालना’त मोडत नाही, ‘प्रायोजकत्वा’त मोडते. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मात्र विधवा आई, आजी, मामा, काका आणि परके कुटुंब या सर्वांना एकाच छत्राखाली घेते. काही लेखक या योजनेला सरसकट ‘फॉस्टर केअर’ म्हणतात, तर काही तिला राज्याची स्वतःची प्रायोजकत्व योजना समजतात. प्रत्यक्ष लाभार्थी बहुतांशी एका पालकासोबत किंवा नातेवाइकांकडे राहणारी मुले असल्याने दुसरे मत वस्तुस्थितीला अधिक जवळचे वाटते.

‘पालक’ हा शब्दही घोळाचा आहे. शाळेच्या पालकसभेत तो आई-बाप या अर्थाने येतो, कायद्याच्या मराठीत ‘अभिभावक’ या अर्थाने, आणि अर्जात ‘पालकाचे नाव’ या रकान्यात आजीचे नाव लिहायचे की मृत वडिलांचे, हा प्रश्न अर्ज भरणाऱ्याला हमखास पडतो. (दत्तकविधानाशी याचा संबंध नाही. प्रतिपालनात मुलाचे नाव, कूळ व वारसा बदलत नाही.)

आरंभाचा प्रश्न : योजनेच्या आरंभाबद्दल एकमत नाही. एक मत तिचे मूळ वसाहतकालीन कायद्यात शोधते. मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या इलाख्यांच्या बाल अधिनियमांत मुलाला ‘योग्य व्यक्ती’च्या स्वाधीन करण्याची कल्पना होती. १९४८ च्या मुंबई बाल अधिनियमात ती टिकली आणि २०१५ च्या अधिनियमातही कलम ५२ मध्ये ती याच नावाने आहे. या मताची बाजू अशी, की संस्थेला पर्याय म्हणून घर ही कायदेशीर मान्यता तेव्हाच मिळाली. मात्र स्वाधीन करणे वेगळे आणि दरमहा ठराविक रक्कम देणे वेगळे. अनुदान हा या नोंदीचा विषय असल्याने ‘योग्य व्यक्ती’ला फार तर पूर्वपीठिका म्हणता येईल.

दुसरे मत १९७५ हे वर्ष धरते आणि शासकीय माहितीपत्रकांत बहुधा हेच आढळते. तिसरे मत चालू नाव व चालू चौकट ज्या काळात आली, म्हणजे सुमारे २००५, तेथून मोजते. तोवर कायद्याची भाषाही बदलली होती. २००० च्या बाल न्याय अधिनियमाने कलम ४२ अन्वये प्रतिपालनाला स्वतंत्र स्थान दिले होते. केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना त्यानंतर, २००९-१० मध्ये आली, म्हणजे राज्य योजना केंद्राच्या नकलेतून निघाली हा समज टिकत नाही. आरंभ म्हणून १९७५ आणि आजच्या रूपाचा आरंभ म्हणून २००५ च्या आसपासचा काळ, अशी विभागणी केली तर बराचसा वाद मिटतो.

नावांचा आणखी एक गुंता अलीकडचा आहे. कोविड-१९ मध्ये पती गमावलेल्या स्त्रियांसाठी महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये तालुका पातळीवर ‘मिशन वात्सल्य’ समित्या नेमल्या. केंद्राच्या बाल संरक्षण योजनेचेही नाव हेच आहे व २०२२ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे आली. दोन्ही पूर्णतः वेगळ्या गोष्टी आहेत. ‘वात्सल्यची फाईल’ म्हणजे नेमकी कोणती, हे तहसील कार्यालयात आजही विचारून घ्यावे लागते.

रकमा : राज्य योजनेत २०२१ पूर्वी बरीच वर्षे मुलामागे दरमहा ४२५ रुपये मिळत, म्हणजे दिवसाला साधारण १४ रुपये. अंमलबजावणी करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला मुलामागे ७५ रुपये वेगळे मिळत. २०२१ मध्ये मुलाची रक्कम १,१०० व संस्थेची १२५ झाली. मे २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेचे ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ असे नामकरण झाले, मुलासाठी २,२५० व संस्थेसाठी २५० रुपये असा दर ठरला. ‘अडीच हजार मिळतात’ असे जे सर्रास सांगितले जाते ते या दोन आकड्यांची बेरीज करून. घरात येतात ते सव्वादोन हजारच.

केंद्रपुरस्कृत योजनेत प्रतिपालन व प्रायोजकत्व या दोहोंसाठी पूर्वी २,००० रुपये होते, मिशन वात्सल्यमध्ये ते ४,००० झाले. खर्चाचा वाटा केंद्राचा ६० व राज्याचा ४० टक्के. प्रायोजकत्वाला कौटुंबिक उत्पन्नाची अट आहे : ग्रामीण भागात वार्षिक ७२,००० व इतरत्र ९६,००० रुपयांपर्यंत. दोन योजनांतील फरक महिन्याला १,७५० म्हणजे वर्षाला २१,००० रुपयांचा. दोन भावंडे असलेल्या घरात तो दुप्पट होतो. एकाच मुलाला दोन्ही रकमा एकाच वेळी दिल्या जात नाहीत.

कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाख रुपयांची मुदत ठेव जाहीर केली. केंद्राच्या ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन’मध्ये अशा मुलांसाठी दहा लाखांच्या निधीची तरतूद आहे. या ठेवी मासिक अनुदानात गणल्या जात नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दरमहा १,५०० रुपये तहसीलदारांमार्फत मिळतात व त्या योजनेत अठरा वर्षांखालील अनाथ मुलेही येतात, पण ती योजना सामाजिक साहाय्याची आहे, संगोपनाची नव्हे.

ठाणे व नवी मुंबई : १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड व शहापूर असे सात तालुके राहिले. मुरबाडच्या पाड्यातील आणि वाशीच्या सेक्टरमधील मुलाला राज्य योजनेत सारखेच २,२५० रुपये मिळतात. भूगोलाचा शिरकाव होतो तो फक्त प्रायोजकत्वाच्या उत्पन्नमर्यादेत, आणि तोही उलट्या दिशेने. शहरी मर्यादा महिन्याला ८,००० रुपये पडते. नवी मुंबईत चार घरी स्वयंपाक करणाऱ्या विधवेची कमाई याहून सहज अधिक भरते आणि त्यातली मोठी रक्कम खोलीभाड्यात जाते, तरीही कागदोपत्री ती मर्यादेबाहेर. मग उरतो तो राज्य योजनेचा कमी दर.

नवी मुंबई ही प्रशासकीयदृष्ट्या एकसंध नाही. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ व बेलापूर हा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. सिडकोच्याच आराखड्यात वसलेले खारघर, कामोठे, कळंबोली हे नोड रायगड जिल्ह्यात व २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. हार्बर मार्गावर बेलापूर व खारघर ही लागोपाठची स्थानके, पण बेलापूरच्या मुलाचे प्रकरण ठाण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाते आणि खारघरच्या मुलाचे अलिबाग मुख्यालय असलेल्या रायगड जिल्ह्याकडे. महिला व बाल विकास विभागाचे कोकण विभागीय कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आहे. ते जवळ म्हणून तेथेच अर्ज द्यायला जाणाऱ्यांना परत जिल्ह्याच्या कक्षाकडे पाठवले जाते. मूल आजीकडून मामाकडे, म्हणजे नेरूळहून कामोठ्याला राहायला गेले तर दर तोच राहतो, पण जिल्हा बदलतो आणि फाईलही हलवावी लागते.

अर्जासोबत आधार कार्ड, शिधापत्रिका, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला, पालकाचा मृत्यू दाखला, शाळेचा बोनाफाईड दाखला, बँक पासबुक आणि घरासमोर उभे राहून काढलेला पालक व मुलाचा एकत्र फोटो मागितला जातो. ही शेवटची अट साधी वाटते, पण तिच्यातून राहणीचा फरक उघडा पडतो. दिघ्याच्या चाळीत दारातच फोटो निघतो, पत्र्याची भिंत आणि पाण्याचा पिंप त्यात आपोआप येतात. नेरूळच्या सोसायटीत ‘घरासमोर’ म्हणजे जिन्यातला अरुंद बोळ, तिथे दोघे मावतात पण दार दिसत नाही. मग फोटो खाली गेटपाशी, इमारतीच्या नावाच्या पाटीखाली काढला जातो. यानंतर गृहभेट होते, सामाजिक तपासणी अहवाल लिहिला जातो आणि बालकल्याण समिती आदेश देते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री. कायद्याने समितीच्या महिन्यातून किमान वीस दिवस बैठका अपेक्षित आहेत, तसेच प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणीही.

कामगार वस्तीत नातेवाईक मूल सांभाळतात ते आदेशाची वाट न पाहता. अनुदान लागू होते ते आदेशानंतर. मधल्या महिन्यांचा खर्च घरच सोसते. नवी मुंबई महापालिकेचा समाज विकास विभाग विधवा व घटस्फोटित स्त्रियांच्या मुलांना शिष्यवृत्ती देतो, पण ती शिक्षणासाठीची मदत असून अनुदानाचा भाग नव्हे.

अनोळखी मुलाला घरी आणून वाढवणारी खरी प्रतिपालक कुटुंबे याहून वेगळी. त्यांच्यासाठीची केंद्राची आदर्श तत्त्वे २०१६ मध्ये आली व २०२४ मध्ये सुधारली गेली. ३५ ते ६० वयाच्या अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा विभक्त व्यक्तीलाही आता प्रतिपालन करता येते, मात्र एकट्या पुरुषाला मुलगी दिली जात नाही. प्रतिपालनानंतर दत्तक घेण्यासाठीची मुदत पाच वर्षांवरून दोन वर्षांवर आली.

इतरत्र : राजस्थानच्या पालनहार योजनेत (२००५) वयानुसार दर आहेत. सहा वर्षांपर्यंत कमी, पुढे अधिक, आणि अनाथांना इतरांहून जास्त. गुजरातच्या पालक माता-पिता योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथांना दरमहा ३,००० रुपये मिळतात. वयाचा निकष महाराष्ट्रातील दोन्ही दरांत नाही. पाळण्यातल्या बाळाला आणि दहावीच्या क्लासची फी भरायची असलेल्या मुलीला इथे सारखीच रक्कम मिळते.

इंग्लंडमध्ये दोन रकमा स्पष्टपणे वेगळ्या धरल्या जातात. एक मुलाच्या खर्चाचा भत्ता, ज्याची राष्ट्रीय किमान पातळी मुलाच्या वयानुसार आणि लंडन, आग्नेय इंग्लंड व उर्वरित भाग अशा विभागांनुसार दरवर्षी ठरते. दुसरी सांभाळणाऱ्याच्या कौशल्याबद्दलचे शुल्क, जे स्थानिक प्रशासन किंवा खासगी एजन्सीप्रमाणे बदलते. स्कॉटलंडने शिफारस केलेला समान भत्ता ऑगस्ट २०२३ मध्ये स्वीकारला. यांतील दुसऱ्या रकमेला समांतर असे काही महाराष्ट्राच्या योजनेत नाही. मुलामागचे जादा २५० रुपये आहेत, पण ते अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला जातात.